भूमिका घेऊन लिहिणे : सर सय्यद यांचे न जाळलेले पुस्तक

१८५९ साल. मुरादाबादला एका सरकारी नोकराच्या घरी आग्र्याहून छापून आलेल्या पाचशे प्रती पडल्या होत्या. पुस्तिका उर्दूतली, नाव ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानातल्या बंडाची कारणे. लेखक सय्यद अहमद खान. १८३८ पासून कंपनीच्या न्यायखात्यात नोकरी, आता मुरादाबादचे सद्र-उस-सुदूर. त्यांचे जवळचे मित्र राय शंकरदास यांनी मजकूर वाचला आणि कळवळून सांगितले की, ह्या सगळ्या प्रती जाळून टाका, जीव धोक्यात घालू नका. सय्यद अहमद यांचे उत्तर साधे होते. ह्या गोष्टी सरकारच्या कानावर घालणे मुलकाच्या, लोकांच्या आणि खुद्द सरकारच्या भल्याचे आहे. त्यापायी माझे काही बरेवाईट झाले तर ते मी सोसेन. मौलाना हाली यांनी ‘हयात-ए-जावेद’ या चरित्रात पुढचेही लिहून ठेवले आहे. मित्राच्या डोळ्यांत पाणी आले. सय्यद अहमद यांनी दोन रकात नफील नमाज अदा केली, दुआ मागितली आणि पार्सल विलायतेला रवाना केले. एक प्रत हिंदुस्थान सरकारला पाठवली.

हा किस्सा आपल्याकडे बहुधा धाडसाचा नमुना म्हणून सांगितला जातो, अलीगढच्या जलशांत तर हमखास. धाडस होतेच. पण माझे लक्ष जाते ते पुस्तकाच्या लिखाणाकडे. १८५७ वर त्या दोन-तीन वर्षांत ढिगाने लिहिले गेले. इंग्रजांनी लिहिले, हिंदुस्थानींनी लिहिले. त्यातले बहुतेक आज फक्त अभ्यासक उघडतात. ही छोटी पुस्तिका मात्र अजून वाचली जाते, आणि वाचताना अजूनही कुणाला तरी राग येतो. याचे कारण मला तिच्या रचनेत सापडते. लेखकाने लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला काय म्हणायचे आहे ते ठरवले होते. ते त्याने सुरुवातीच्या काही पानांतच सांगितले, आणि बाकीची सगळी पाने त्या एका म्हणण्याच्या कामाला लावली.

दिवस कसले होते ते आधी पाहू. जून १८५७ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी छापखान्यांवर कायदा लादला होता. सप्टेंबरमध्ये दिल्ली पडली. ‘देहली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांनी उघडपणे उठावाची बाजू घेतली होती, त्यांना इंग्रजांनी ठार केले. फारसीचे मोठे विद्वान इमाम बख्श सहबाई यांनी हत्यार उचललेले नव्हते, तरी कुचा चेलानच्या कत्तलीत तेही मारले गेले. दिल्लीची जामा मशीद इंग्रजांनी ताब्यात घेतली, ती १८६२ पर्यंत मुसलमानांना परत मिळाली नाही. बंड हा मुसलमानांनी रचलेला कट आहे, असे कलकत्त्यापासून लंडनपर्यंत वर्तमानपत्रे लिहीत होती. खुद्द सय्यद अहमद यांनी बिजनौरला असताना कलेक्टर शेक्सपिअर आणि तिथल्या युरोपियन कुटुंबांचे प्राण वाचवले होते. त्याच काळात दिल्लीत त्यांचे जवळचे नातेवाईक इंग्रज फौजेच्या हातून मारले गेले. वृद्ध आई अजीजुन्निसा बेगम यांनी नोकराच्या खोलीत घोड्याच्या दाण्यावर दिवस काढले. मुलाने त्यांना मेरठला नेले, तिथे त्या वारल्या. सरकारने या माणसाला बक्षीस म्हणून एका बागी जमीनदाराची मोठी जहागीर देऊ केली. ती त्यांनी नाकारली. कौमच्या बरबादीवर मी तालुकदार व्हावे इतका नालायक मी नाही, अशा अर्थाचे ते नंतर एका भाषणात बोलले.

अशा वेळी एका मुसलमान लेखकापुढे कोणते रस्ते होते? गप्प बसणे हा पहिला, आणि बहुतेकांनी तोच धरला. दुसरा रस्ता सरकारची तारीफ करण्याचा. हा रस्ता त्या काळच्या सर्वांत मोठ्या लेखकाने धरला, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहायला हवे.

मिर्झा गालिब संपूर्ण उठावभर दिल्लीतच होते. त्या काळाची हकीकत त्यांनी फारसीत लिहिली आणि ‘दस्तंबू’ या नावाने १८५८ च्या अखेरीस आग्र्यातच छापून घेतली. अरबी शब्द टाळून शुद्ध जुनी फारसी लिहिण्याचा त्यांनी चंग बांधला होता. पुस्तकाच्या प्रती बड्या इंग्रज अधिकाऱ्यांना पाठवल्या, राणीची स्तुती जोडली. बंद पडलेली पेन्शन सुरू व्हावी, दरबारातला मान परत मिळावा, ही आशा होती. म्हातारा माणूस, कर्जात बुडालेला, भाऊ त्याच धामधुमीत गेलेला. त्यांना दोष देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण लेखन म्हणून पाहिले तर ‘दस्तंबू’त प्रत्येक वाक्य दोन्हीकडे पाहत चालते. बागी लोकांवर राग आहे, उजाड दिल्लीचे दुःखही आहे, आणि दोन्हींच्या वर सजावटीचा जाड थर आहे. दुःखाचे कारण कोण, हे मात्र पुस्तक सांगत नाही. तेच गालिब मित्रांना उर्दूत पत्रे लिहितात तेव्हा कोण मेले, कुठला मोहल्ला पाडला, कुठली विहीर बुजवली, हे सरळ सांगून टाकतात. आज १८५७ ची दिल्ली समजून घ्यायला लोक गालिबची पत्रे उघडतात. ‘दस्तंबू’ पदवीच्या अभ्यासापुरते उरले.

याच गालिबनी तीनच वर्षांपूर्वी सय्यद अहमद यांना स्वच्छ भूमिका कशी असते ते दाखवले होते, हा इतिहासाचा गंमतीदार भाग. सय्यद अहमद यांनी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’चे मेहनतीने संपादन केले होते आणि रिवाजाप्रमाणे गालिबकडे तकरीज, म्हणजे शिफारसपर मजकूर मागितला. गालिबनी फारसी मसनवी लिहून दिली, आणि तिचा सूर असा की, मेलेल्यांच्या कारभाराची पूजा कशाला करता? साहेबांच्या वाफेच्या जहाजांकडे, तारायंत्राकडे डोळे उघडून पाहा. सय्यद अहमद यांनी ती तकरीज पुस्तकात छापली नाही. पुढे काही काळ दोघांत अबोला होता.

दुसऱ्याची भूमिका छापायला नकार देणाऱ्या या माणसाने स्वतःची भाषा आधीच बदलायला घेतली होती. दिल्लीच्या इमारतींवरचे त्यांचे ‘आसार-उस-सनादीद’ १८४७ मध्ये आले तेव्हा त्याची भाषा यमकांनी, अलंकारांनी लगडलेली होती. तिच्यावर सहबाईंचा हात होता असे हाली सांगतात. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सगळे उतरवले गेले. इमारत कुणी बांधली, कधी बांधली, शिलालेखात काय आहे, एवढेच उरले. ‘असबाब’ची भाषा या दुसऱ्या आवृत्तीच्या पुढची आहे. उर्दूत गद्यात वाद घालता येतो, एखाद्या वकिलासारखी मुद्द्यावर मुद्दा रचत बाजू मांडता येते, हे त्या वेळी नवे होते. आपल्याकडे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली, तेव्हा मराठी गद्याचे असेच काहीसे झाले होते. गोपाळ हरी देशमुखही सरकारी नोकर. मात्र त्यांनी टोपणनावाचा आडोसा घेतला, आणि त्यांचा मारा मुख्यतः आपल्याच समाजावर होता. सय्यद अहमद यांचा मारा सरकारवर होता आणि प्रत सरकारलाच पाठवलेली होती.

आता पुस्तकात काय आहे ते पाहू. सुरुवातीला ते बंड म्हणजे नेमके काय याची व्याख्या करतात. मग तेव्हा चलनात असलेली कारणे एकेक करून बाजूला सारतात. गावोगाव फिरलेल्या चपात्या? त्यांनी बंड होत नाही. रशिया किंवा इराणचा हात? पुरावा नाही. अवध खालसा केले म्हणून? तेही मूळ कारण नव्हे. मुसलमानांनी आधीपासून रचलेला जिहाद? इथे त्यांचा आवाज चढतो. ज्या लोकांनी जिहादचे नाव घेतले त्यांनी धर्माच्या कुठल्या अटी पाळल्या, असा त्यांचा उलट सवाल आहे. काडतुसे? दारूचा ढीग कधीपासून रचलेला होता, काडतुसे म्हणजे त्यावर पडलेली ठिणगी.

एवढी जागा मोकळी केल्यावर ते आपले म्हणणे मांडतात. मूळ कारण एकच. कायदे करणाऱ्या कौन्सिलमध्ये एकही हिंदुस्थानी माणूस नाही. त्यामुळे लोकांच्या मनात काय आहे ते सरकारला कळत नाही, आणि सरकारच्या मनात काय आहे ते लोकांना कळत नाही. बाकीची सगळी कारणे याच मुळाच्या फांद्या. त्या फांद्या त्यांनी पाच भागांत वाटल्या आहेत. सरकारच्या हेतूबद्दल लोकांचा गैरसमज, मुलकाला न मानवणारे कायदे, लोकांच्या हालअपेष्टांबद्दल सरकारचे अज्ञान, चांगल्या राज्यकर्त्याने करायच्या गोष्टींकडे दुर्लक्ष, आणि फौजेची चुकीची व्यवस्था.

खरी ताकद या फांद्यांच्या तपशिलात आहे. १८३७ च्या दुष्काळातल्या अनाथ मुलांना ख्रिस्ती केले गेले आणि लोकांनी ते लक्षात ठेवले. धर्म बदललेल्याला वारसाहक्क देणारा १८५० चा कायदा कुणाला कसा वाटला. तुरुंगात सर्व जातींना एका ठिकाणी शिजलेले अन्न देण्याचा हुकूम. कलकत्त्याहून मिस्टर एडमंड नावाच्या गृहस्थाने सरकारी नोकरांना पाठवलेले ख्रिस्ती व्हा असे सुचवणारे पत्र, आणि ते सरकारनेच लिहवले असावे अशी पसरलेली धास्ती. माफीच्या, म्हणजे बिनसाऱ्याच्या जमिनी जप्त झाल्या. स्टँपचा खर्च बसला. सुई आणि काडेपेटीसुद्धा विलायतेहून येऊ लागल्याने कारागीर बसले. आणि अधिकाऱ्यांचे वागणे! खानदानी हिंदुस्थानी माणूस साहेबाच्या समोर कसा थरथरत उभा राहतो, घरी परतल्यावर मनात काय म्हणतो, हे त्यांनी वीस वर्षे कचेरीत बसून पाहिले होते. हा तपशील दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातही असू शकला असता. पण तिथे तो तक्रारींची यादी झाला असता. इथे प्रत्येक तक्रार वाचकाला परत त्याच प्रश्नाशी आणून सोडते की, हे सांगणारा एक जरी माणूस कौन्सिलमध्ये असता तर?

आपल्यातला कुणी आज मुसलमानांच्या एखाद्या प्रश्नावर मराठीत लिहायला बसला की पहिले दोन परिच्छेद खुलाशात जातात. मी देशभक्त आहे, मी कट्टर नाही, दोन्ही बाजूंच्या अतिरेक्यांचा मी निषेध करतो. तिसऱ्या परिच्छेदाला विषय येतो, चौथ्यात ‘अर्थात याला दुसरी बाजूही आहे’ येते आणि लेख संपतो. वाचणाऱ्याला लेखकाची भीती तेवढी समजते. सय्यद अहमद यांना तर जीव वाचवण्यासाठी खुलासा करण्याची गरज होती. निष्ठेचे दाखले त्यांच्याकडे पेटीभर होते, कलेक्टरच्या सहीचे. ते दाखले त्यांनी ‘असबाब’च्या दारात मांडले नाहीत. मुसलमान सरकारशी निष्ठावंत राहिले याचे पुरावे त्यांनी १८६० पासून ‘लॉयल मोहमेडन्स ऑफ इंडिया’ या वेगळ्या पुस्तिकांत दिले. दोन कामे दोन जागी केली. माझ्या मते ‘असबाब’ तगले त्यात या वाटणीचा मोठा वाटा आहे. कलकत्त्यात पुस्तक पोहोचल्यावर सरकारने त्याचा तर्जुमा करवला. परराष्ट्र खात्याचे सचिव सेसिल बीडन यांचे मत पडले की हे राजद्रोही लिखाण आहे, लेखकाला जाब विचारून शिक्षा करावी. कॅनिंग आणि कौन्सिलचे सदस्य बार्टल फ्रेअर यांनी ते एका हितचिंतकाचे मत म्हणून घेतले. पुढे बीडन आणि सय्यद अहमद समोरासमोर आले तेव्हा बीडन यांनी सुनावले की सरकारचे भले हवे होते तर हे पुस्तक मुलकात पसरवले नसते. सय्यद अहमद यांनी उत्तर दिले की, जवळजवळ सगळ्या प्रती विलायतेला गेल्या आहेत. मी पाठवलेल्या प्रतीखेरीज हिंदुस्थानात दुसरी सापडली तर दर प्रतीमागे हजार रुपये देईन. हा प्रसंगही हालींनीच नोंदवला आहे. पुढे दोघांची चांगली ओळख झाली.

बीडन यांचा राग मला पुस्तकाची खरी पावती वाटते. ज्या लिखाणातून काहीच स्पष्ट निघत नाही त्यावर शिक्षेची मागणी कोण करणार? आणि कॅनिंग-फ्रेअर यांनी ते मनावर घेतले तेही त्याच स्पष्टपणामुळे. सरकार चुकले हे म्हणणारा माणूस ते कुठे चुकले आणि काय करायला हवे होते, हेही सांगत होता.

पण स्वच्छ भूमिका म्हणजे बरोबर भूमिका नव्हे. ‘असबाब’मध्ये अशी पाने आहेत की वाचताना पुस्तक मिटावेसे वाटते. फौजेबद्दल लिहिताना ते म्हणतात की हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच पलटणीत ठेवल्याने त्यांच्यात भाऊबंदासारखे नाते तयार झाले. पलटणी वेगळ्या असत्या तर हे झाले नसते. ज्या एकजुटीचा आपण आज अभिमान धरतो तिला तोडण्याचा सल्ला हा माणूस सरकारला देत होता. विणकरांचा धंदा बुडाला हे दुःखाने नोंदवतानाच, त्याच वाक्यात, बंडात सर्वांत पुढे होते म्हणून जुलाह्यांसाठी ते ‘बदजात’ हा शब्द वापरतात. बहादूरशाह जफर यांची तर त्यांनी टिंगलच केली आहे. माशी किंवा मच्छर बनून आपण मुलुखाची खबर आणू शकतो अशी बादशाहाची श्रद्धा होती, असे ते सांगतात. शरीफ घराण्यातल्या माणसाची नजर पानापानावर आहे. तरी यातले काहीही त्यांनी झाकले नाही, म्हणून पसमांदा चळवळीतल्या लेखकांना आज नेमक्या ओळीवर बोट ठेवून भांडता येते. गुळमुळीत लिहिणाऱ्याशी असे भांडताही येत नाही.

फ्रेअर यांचे नाव मुंबईकरांना ठाऊक आहे. १८६२ ते १८६७ ते मुंबईचे गव्हर्नर होते, फोर्टचा तट त्यांच्याच काळात पाडला गेला. त्याआधी १८६० मध्ये त्यांनी एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा की, कोट्यवधी लोकांसाठी आपण कायदे करतो आणि ते त्यांना मानवतात की नाही हे बंडाखेरीज कळण्याचे साधन आपल्याकडे फारसे नाही, हे धोक्याचे आहे. ‘असबाब’ वाचलेल्या माणसाला हा सूर लगेच ओळखीचा वाटेल. फ्रेअर यांनी हे सय्यद अहमद यांच्यावरूनच घेतले असा दावा मी करणार नाही. बंडानंतर हा विचार अनेकांच्या डोक्यात होता. १८६१ मध्ये इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्ट झाला आणि १८६२ मध्ये कौन्सिलमध्ये पहिले तीन हिंदुस्थानी बसले. पतियाळाचे महाराजा, बनारसचे राजा देवनारायण सिंग, आणि ग्वाल्हेरचे दिवाण राहिलेले आपले सर दिनकरराव राजवाडे. तिघेही सरकारच्या पसंतीचे, उठावात इंग्रजांच्या बाजूला राहिलेले. पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. १८७३ मध्ये ऑकलंड कॉल्विन आणि जी. एफ. आय. ग्रॅहम यांनी ‘असबाब’चा इंग्रजी अनुवाद छापला. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ त्याच वर्षी निघाली. १८७८ मध्ये खुद्द सय्यद अहमद व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये बसले आणि त्यांनी देवी टोचण्याचे विधेयक मांडून मंजूर करून घेतले.

गोष्ट इथे थांबली असती तर सोपी झाली असती. २८ डिसेंबर १८८७ रोजी लखनौला त्यांनी एक भाषण केले. काँग्रेसची मागणी होती की कौन्सिलमध्ये निवडून आलेले सदस्य असावेत. सर सय्यद यांनी ती झिडकारली. फाशांचा दाखला दिला: एकाकडे चार फासे आणि दुसऱ्याकडे एक, अशा खेळात कोण जिंकणार? पुढे असेही म्हटले की कौन्सिलमध्ये बसणारा माणूस वरच्या घराण्यातलाच हवा. तीस वर्षांपूर्वी ज्याने लोकांचा आवाज कौन्सिलमध्ये नाही म्हणून बंड झाले असे सरकारला ऐकवले, तोच माणूस लोकांनी आपला माणूस निवडायचा म्हटल्यावर पाठ फिरवत होता. त्यांचे चाहते यात सुसंगती शोधतात. १८५८ मध्ये त्यांनी निवडणूक मागितलीच नव्हती, सरकारने जाणकार हिंदुस्थानी नेमावेत एवढेच मागितले होते, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ‘असबाब’मधला युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो निवडणुकीपाशीच पोहोचतो, आणि तिथे पोहोचायला लेखक स्वतः तयार नव्हता.

लखनौला ते बोलत होते त्याच दिवसांत मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले होते आणि अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. जानेवारी-फेब्रुवारी १८८८ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला. सर सय्यद यांनी विचारले की, ‘नॅशनल’ काँग्रेस म्हणजे काय? हिंदुस्थानातले वेगवेगळे समाज एक राष्ट्र आहेत असे तुम्ही मानता का? तय्यबजी यांनी पत्राला गोलमाल उत्तर दिले नाही. सगळे समाज एक झाले आहेत असा माझा दावा नाही. पण सर्वांचे म्हणून काही प्रश्न आहेत आणि ते मिळून सोडवायचे आहेत. मुसलमानांचा एकमुखी विरोध असेल तो विषय काँग्रेसने घेऊ नये. बाहेर राहून आपण काहीच थांबवू शकणार नाही, आत जाऊन वळण देऊ शकू. या आशयाचे हे उत्तर फेब्रुवारी १८८८ चे. अलीगढने ते मानले नाही.